मणक्यातला गॅप आणि पोटातले जिवाणू: कितपत खरं?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यात फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते. हल्ली कंबरदुखीचे पेशंट एमआरआयच्या पिशवीसोबत एक प्रश्नही घेऊन येतात: "मॅडम, पोटातल्या जंतूमुळं गादी झिजती म्हणं, खरंय का?" कुणी मोबाइलवर व्हिडिओ दाखवतं, कुणी आतडं साफ करायच्या चूर्णाचा डबा पिशवीतून काढतं. परवा एका ऊसतोड करणाऱ्या ताईंनी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून असा तीन महिन्यांचा कोर्स विकत घेतल्याचं कळलं आणि मला राहवलं नाही. म्हणून हा धागा. वाचून, तपासून लिहिते आहे, जाणकारांनी भर घालावी.

आधी गादीबद्दल, जिच्या झिजेला आपण सरसकट 'गॅप' म्हणतो. दोन मणक्यांच्या मधल्या चकतीत मधोमध पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो, त्याभोवती तंतूंचं चिवट कडं आणि वर-खाली कूर्चेचा पातळ पापुद्रा. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तवाहिन्या नसलेला एवढा मोठा दुसरा भाग नाही. गराला लागणारं अन्न आणि प्राणवायू लगतच्या हाडातून त्या पापुद्र्यावाटे येतो. पाटाचं पाणी नसलेलं, नुसत्या पाझरावर तगलेलं रान असतं ना, तशी ही गादी. पाझर आटला की आतल्या पेशींची उपासमार होते, पाणी धरणारं ॲग्रिकन नावाचं द्रव्य घटतं आणि गादी चपटी होत जाते.

आतड्याचा संबंध कुठं आला? २०२२ साली 'युरोपियन स्पाइन जर्नल'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक लेख लिहून आतडं आणि गादी यांच्यातला दुवा मांडला. त्यात तीन वाटा सांगितल्या आहेत. आतड्याचं अस्तर ढिलं पडलं की जिवाणू रक्तात उतरून गादीपर्यंत पोचत असतील, ही पहिली. जिवाणू जागचे हलत नाहीत, पण त्यांचा तोल बिघडल्यानं अंगात मंद दाह धुमसत राहतो आणि तो गादीला भोवतो, ही दुसरी. तिसरी पोषणाची: आतड्यातले जिवाणू तंतुमय अन्नापासून ब्युटिरेटसारखी उपयोगी आम्लं बनवतात, अन्नाच्या शोषणात हात घालतात, आणि ते बिनसलं की हाडा-गादीपर्यंत त्याची झळ जाते.

मला यातली दुसरी वाट सर्वांत पटते. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ बीटा ही दाहाची रसायनं गादीतल्या पेशींवर टाकली की त्या पेशी आपलाच गर कापणारी विकरं सोडायला लागतात, हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. म्हणजे साखळीची शेवटची कडी घट्ट आहे. पहिली कडी, म्हणजे आतड्यातला बिघाड माणसाच्या गादीत ही रसायनं वाढवतो, ती अजून बांधून दाखवलेली नाही. व्हिडिओवाले नेमकी ही कडी पक्की आहे असं धरून चूर्ण विकतात.

दुसरं असं की गादीची झीज आणि कंबरदुखी या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक आढावा छापला गेला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गादीत झीज दिसली आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. यांना काडीचा त्रास नव्हता! त्यामुळं रिपोर्ट हातात पडला की घाबरून आधी कारण शोधत आणि मग औषध शोधत फिरू नका. फिनलंडमध्ये जुळ्या भावांवर १९९५ साली झालेल्या अभ्यासात तर असं दिसलं की जड काम किंवा गाडी चालवणं यापेक्षा झिजेचा मोठा वाटा आनुवंशिकतेचा असतो. आपल्याकडं "ओझं उचलून गॅप पडला" हे इतकं मुरलंय की हा निष्कर्ष पेशंटच्या गळी उतरवताना मला अजून अर्धा तास लागतो.

तुमच्याकडं काय ऐकायला मिळतंय, सांगा.

तेरणेकाठचा

मॅडम, लई गरजेचा विषय काढलात. मी पिकअप चालवतो, धाराशिव ते सोलापूर, कधी लातूर. वय एकतीस. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यात (एल ४-एल ५) गादी सरकलीय, डाव्या पायात चमक निघते. आमच्या एका नातेवाइकानं सांगितलं, परदेशात शंभर दिवस अँटिबायोटिक देऊन कंबरदुखी बरी केली. मेडिकलवाला ओळखीचा हाय, चिठ्ठीबिगर द्यायला तयार हाय. घेऊ का? दुखणं सोसवंना झालंय म्हणून विचारायलोय.

गोदातीर

तेरणेकाठचा, भाऊ, कृपा करून घेऊ नका. मी नांदेडला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. तुमच्या नातेवाइकांनी सांगितलं ते अर्धं खरं आहे, आणि राहिलेलं अर्धं ऐकल्याशिवाय गोळी तोंडात टाकण्यात धोका आहे.

हे प्रकरण २००१ साली सुरू झालं. बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी सायटिकासाठी (कमरेतून पायात उतरणाऱ्या दुखण्यासाठी) ऑपरेशन झालेल्या ३६ रुग्णांच्या गादीचे तुकडे संवर्धनाला लावले, म्हणजे त्यात जिवाणू वाढतात का ते पाहिलं. १९ जणांच्या तुकड्यांत जिवाणू वाढले. त्यातला बहुतेक एकच होता, मुरुमांशी ज्याचं नाव जोडलं जातं तो प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस. २०१६ पासून त्याला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस म्हणतात. त्याला प्राणवायू कमी लागतो आणि गादीत प्राणवायू कमीच असतो, त्यामुळं तो तिथं तग धरू शकतो हे पटण्यासारखं आहे. अडचण अशी की तो आपल्या सर्वांच्या कातडीत, केसांच्या मुळाशी राहतो. सर्जननं कातडी कापून गादीपर्यंत जाताना तो सोबत गेला असेल तर? हा वाद आजही मिटलेला नाही.

२०१३ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १६२ रुग्णांवर चाचणी केली. सगळ्यांची कंबर जुनी दुखणारी, आधी गादी सरकलेली, आणि एमआरआयमध्ये गादीलगतच्या हाडात सूज, म्हणजे मॉडिक प्रकार १. शंभर दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट दिलं आणि फरक चांगला पडला. बातम्या जगभर झाल्या. तुमच्यापर्यंत पोचलेली बातमी तीच.

मग नॉर्वेनं तोच प्रश्न पुन्हा तपासला. १८० रुग्ण, तीन महिने अमॉक्सिसिलिन किंवा हुबेहूब दिसणारी खोटी गोळी. निकाल २०१९ मध्ये 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. रुग्णाला जाणवेल एवढा फायदा दिसला नाही. औषधाचे दुष्परिणाम मात्र खरी गोळी घेणाऱ्यांत ५६ टक्के, खोटी घेणाऱ्यांत ३४ टक्के. मी विद्यार्थ्यांना हे दोन्ही पेपर शेजारी शेजारी ठेवून वाचायला लावतो.

आणि विरोधाभास बघा. आतड्यातल्या जिवाणूंचा तोल बिघडला म्हणून कंबर दुखते असं धरायचं, आणि उपाय म्हणून तो तोल सर्वांत जास्त बिघडवणारी गोष्ट शंभर दिवस खायची!

मांजराकाठ

गोदातीर सर, मनापासून आभार. यात माझी एक भर. आपल्याकडं कंबर धरली की पहिली धाव सुईकडं. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, मग त्याच्या गोळ्या, आणि पेशंट महिनोन् महिने ती स्वतःच मेडिकलवरून आणत राहतो. या जातीच्या वेदनाशामकांनी जठरात व्रण होतात हे बऱ्याच जणांना माहीत आहे, पण लहान आतड्याच्या अस्तरालाही इजा होते आणि ते ढिलं पडतं, हे फार थोड्यांना. मूत्रपिंडाचं नुकसान वेगळंच, उन्हात दिवसभर कमी पाण्यावर राबणाऱ्यांना तर जास्तच. आतड्याची खरी काळजी असेल तर चूर्णाच्या डब्याआधी ही गोळ्यांची पट्टी तपासा. थोडे दिवस, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं घ्यायला हरकत नाही. वर्षभर घेण्याचं ते औषध नव्हे.

जालन्याची_पोर

भारतात यावर कुणी काम केलंय का? सगळे दाखले तिकडचेच दिसतायत.

गोदातीर

ताई, केलंय, आणि चांगलं केलंय. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमधले डॉ. एस. राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली २४ गाद्यांचा अभ्यास छापला: आठ निरोगी, आठ सरकलेल्या, आठ झिजलेल्या. जिवाणू वाढवत बसण्याऐवजी त्यांनी जिवाणूंचा डीएनए वाचला. त्यात निरोगी गादीतही जिवाणूंच्या खुणा सापडल्या, आणि रोगट गादीतलं मिश्रण वेगळं निघालं. गादी पूर्णपणे निर्जंतुक असते हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो. त्या समजुतीला या कामानं मोठा धक्का दिला.

शिक्षक म्हणून दोन गोष्टी सांगतो. डीएनए सापडला म्हणजे जिवाणू जिवंत होता असं नाही. मेलेल्या जिवाणूचे तुकडेही रक्तातून फिरत असतात. आणि जिथं जिवाणू मुळातच नगण्य असतात अशा नमुन्यात प्रयोगशाळेतल्या रसायनांमधून, उपकरणांमधून आलेला डीएनएसुद्धा उठून दिसतो. विष्ठेच्या नमुन्यात ही अडचण क्वचित येते, गादीच्या नमुन्यात कायम. म्हणून कोऱ्या नमुन्याची, म्हणजे गादीचा तुकडा न घालता केलेल्या त्याच तपासणीची, तुलना ठेवलीय का, हे मी कुठल्याही पेपरात आधी पाहतो.

व्हिडिओंमध्ये "अमुक जिवाणूमुळं गादी झिजते हे सिद्ध झालं" असं जे सांगतात त्याचं मूळ बहुधा वेगळ्या अभ्यासांत आहे. जनुकांतल्या जन्मजात फरकांचा आधार घेऊन कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे आकडेमोडीनं ताडायची एक पद्धत आहे. १८,३४० लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंची आणि जनुकांची एक मोठी जागतिक माहितीपेढी आहे. तिची सांगड फिनलंडच्या रुग्णनोंदींशी घालून गेल्या काही वर्षांत असे बरेच पेपर निघाले. उपयोगी आहेत, कुठं शोधायचं ते सांगतात. पण ती माणसं मुख्यतः युरोपीय वंशाची. धान्य-डाळींवर वाढलेल्या आपल्या आतड्यात प्रिव्होटेला गटाचे जिवाणू जास्त आढळतात, तिकडचं चित्र निराळं असतं. तिथली यादी उचलून परभणीच्या माणसाला लागू करणं मला तरी मान्य नाही.

बालाघाट

उशिरा आलो, पण राहवेना म्हणून लिहितो. मी बीड जिल्ह्यात पशुवैद्यक आहे. इथं सगळे "जिवाणू आतड्यातून मणक्यात जात असतील का" यावर बोलतायत. एक जिवाणू खात्रीनं जातो आणि तो आपल्या गोठ्यात आहे. ब्रुसेला.

गाय किंवा म्हैस पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर गाभडली (गर्भ टाकला), जार (वार) अडकली, तर आमच्या डोक्यात पहिलं नाव हेच येतं. घरातलं माणूस काय करतं? उघड्या हातानं जार ओढतं, मेलेलं वासरू उचलून उकिरड्यावर टाकतं, कुत्री ते गावभर ओढतात. त्या पाण्यात, त्या जारेत जिवाणू अक्षरशः खच्चून भरलेले असतात. हाताला विळ्याची साधी चीर असली तरी पुरे. दुसरी वाट दुधाची. धारोष्ण दूध ताकदीचं म्हणून पोरांना पाजायची पद्धत अजून आहे. कच्च्या दुधातून ब्रुसेला पोटात जातो, आतड्याच्या अस्तरातून आत शिरतो, रक्तातून हाडाच्या मगजापर्यंत पोचतो आणि माणसात त्याची आवडती जागा म्हणजे कमरेचे मणके आणि माकडहाडाजवळचा सांधा.

माणसाला होतं काय? ताप चढतो-उतरतो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, सांधे ठणकतात, वजन उतरतं, आणि कंबर अशी धरते की उठता येत नाही. एमआरआयमध्ये मणका आणि गादी दोन्ही बिघडलेली दिसते. मग कुणी गॅप म्हणतं, कुणी टीबी. टीबीही आपल्याकडं भरपूर आहे, तोही रक्तातूनच मणक्यात जातो, त्यामुळं तो शोधायलाच हवा. पण घरात जनावरं असतील, जनावर गाभडलं असेल, कच्चं दूध पोटात गेलं असेल, तर डॉक्टरांना हे आपण होऊन सांगा. ते विचारतीलच असं नाही. रक्ताच्या साध्या तपासणीनं संशय घेता येतो आणि दोन-तीन औषधं मिळून, मणक्यात शिरलेला असेल तर निदान तीन महिने उपचार केले की माणूस बरा होतो. इथं अँटिबायोटिक लागतंच. गोदातीर सर म्हणतात ते वेगळ्या आजाराबद्दल, घोटाळा करू नका.

आमच्या भागात एका दूधवाल्याच्या मुलाला वर्षभर पट्टा बांधून, ट्रॅक्शन देऊन ठेवलं होतं. त्याच्या गोठ्यातल्या दोन गाई गाभडल्या होत्या, ते त्याला कुणी विचारलंच नाही.

मांजराकाठ

बालाघाट दादा, हा प्रतिसाद मी माझ्या ओपीडीत लावणार आहे. ताप आणि रात्रीचा घाम मी विचारते. गोठ्याचं उद्यापासून विचारणार.

पूर्णाकाठची

धागा वाचून हात थरथरले. माझ्या नवऱ्याची गोष्ट सांगते. चोविसाव्या वर्षी कंबर दुखायला लागली. पहाटे तीन-चारला जाग यायची, कुशीवर वळता यायचं नाही. सकाळी तासभर लाकडासारखी ताठ, आणि शेतात काम सुरू केलं की मोकळी व्हायची. सगळे म्हणायचे गॅप हाय, आराम करा. आराम केला की आणखी आखडायची. अधूनमधून पोट बिघडायचं, दोनदा डोळा लालभडक झाला. डोळ्याचं औषध वेगळं, पोटाचं वेगळं, कमरेचं वेगळं. कितीतरी दवाखाने झाले. शेवटी संभाजीनगरला एका संधिवाताच्या डॉक्टरांनी डोळ्याचं विचारलं, टाचेचं विचारलं, आणि सांगितलं की हे तिन्ही एकच आहे, अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस. तोवर मान अर्धी वळायची बंद झाली होती.

कुणी वेळेवर विचारलं असतं तर, एवढंच वाटत राहतं.

मांजराकाठ

पूर्णाकाठची ताई, तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे. थोडं सविस्तर लिहिते, कारण आतडं आणि मणका यांचा पक्का संबंध कुठं दिसत असेल तर तो या आजारात.

यात मुळात गादी झिजत नाही. मणक्याचे सांधे आणि हाडाला जिथं बंध चिकटतात त्या जागा दाहानं धरतात आणि पुढं हाडाचे पूल तयार होऊन पाठ ताठ होते. अशा रुग्णांच्या आतड्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर जवळपास निम्म्या जणांत दाह सापडतो, पोटाची काही तक्रार नसतानाही. आणि जिवाणूंचा हात दाखवणारा प्रयोग १९९४ सालचा आहे. या आजाराशी जोडलेलं एचएलए-बी २७ हे माणसाचं जनुक उंदरांत घातलं की त्यांना आतड्याचा आणि सांध्यांचा दाह होतो. तेच उंदीर जन्मापासून पूर्ण निर्जंतुक जागेत वाढवले, तर आतडंही धरत नाही आणि सांधेही धरत नाहीत. जनुक तेच, फक्त जिवाणू नाहीत. गादीच्या झिजेबाबत इतका स्वच्छ पुरावा आज आपल्यापाशी नाही.

म्हणून ओळखायच्या खुणा लिहून ठेवते. दुखणं पंचेचाळिशीच्या आत, हळूहळू सुरू झालेलं आणि तीन महिन्यांवर टिकलेलं. रात्रीच्या उत्तरार्धात जाग आणणारं. सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त ताठरपणा. हालचालीनं बरं, आरामानं वाईट. सोबत लाल दुखरा डोळा, टाच, सोरायसिस, जुनाट जुलाब किंवा घरात कुणाला असाच आजार. असं असेल तर गॅपचा रिपोर्ट बाजूला ठेवा आणि संधिवाततज्ज्ञ गाठा. नुसत्या कमरेच्या एमआरआयमध्ये हे सुटू शकतं. माकडहाडाजवळच्या सांध्याची तपासणी लागते. आज यावर चांगली औषधं आहेत, आणि वर दाहाच्या रसायनांत मी टीएनएफचं नाव घेतलं होतं, त्यालाच रोखणारी त्यातली काही आहेत.

ताई, त्यांना सांगा, मानेचे आणि छाती फुगवायचे व्यायाम रोजचे सोडायचे नाहीत.

अंबाजोगाईची_आज्जी

माझी नात टाइप करून देतेय. माझं वय अठ्ठ्याहत्तर. आमच्या काळी सकाळी आंबील, दुपारी भाकरी-पिठलं, ताक. आता घरोघरी मैद्याची बिस्किटं आणि पामतेल. पोटं बिघडणार नाहीत तर काय होईल? कंबर आमचीही दुखायची, बायांची तर कायमच, पण अशी पंचविशीत पोरं पट्टे बांधून हिंडत नव्हती. तुम्ही शिकलेली माणसं आहात, सांगा, आंबिलीचा उपयोग होतो का नाही?

गोदातीर

आज्जी, नमस्कार. आंबिलीबद्दल माझं मत चांगलंच आहे, फक्त कारण थोडं वेगळं. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर आंबवलं की त्यात लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू वाढतात. सकाळी आपण ती शिजवतो तेव्हा त्यातले बहुतेक मरतात. पण आंबवल्यामुळं ज्वारीतलं फायटेट कमी होतं आणि लोह, जस्त अंगी लागायला मदत होते. शिवाय ज्वारीतला न पचणारा स्टार्च आणि तंतू मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्यावर जगतात आणि ब्युटिरेट तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं ते मुख्य इंधन. वरून ताजं ताक घेतलंत तर जिवंत जिवाणूही मिळतात. आपली मालदांडीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हा आतड्याच्या दृष्टीनं उत्तम डबा आहे.

यानं सरकलेली गादी जागेवर येते असं मात्र मी म्हणणार नाही. महाग प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या पुड्यांचंही तेच. डेन्मार्कमध्ये मॉडिक प्रकार १ असलेल्या कंबरदुखीवाल्यांना शंभर दिवस लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी देऊन वर्षभर पाहिलं. २०१९ साली निकाल आला. दुखण्यात किंचित फरक होता, पण रोजची कामं करण्याच्या क्षमतेत खोटी पुडी घेणाऱ्यांपेक्षा फरक नव्हता. त्या पुड्यांच्या पैशात महिन्याची डाळ येते.

तेरणेकाठचा

सगळं वाचलं. मला ताप नाही, घाम नाही. जनावरं घरी हायेत, पण दूध उकळूनच पितो, कुणी गाभडली नाही. सकाळी ताठ होत नाही, उलट गाडी चालवून चालवून संध्याकाळी चमक वाढते. म्हणजे माझं साधं गादीचंच दिसायलंय. मग करू काय? गाडी सोडता येत नाही, हप्ता हाय.

मांजराकाठ

दादा, तुमच्या वर्णनावरून तसंच वाटतं, तरी डॉक्टरांकडून पायाची ताकद एकदा तपासून घ्याच. सरकलेल्या गादीचा बाहेर आलेला भाग बऱ्याचदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं आणि सायटिकाचे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय सुधारतात. तोवर गादीला पोषण मिळेल असं वागायचं. अंथरुणाला खिळायचं नाही. दर तासाला गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं चालायचं. सीट पुढं घ्या, क्लच दाबताना गुडघा पूर्ण सरळ व्हायला नको, आणि कमरेच्या खोलगट भागाला टॉवेलची घडी लावा. पाकीट मागच्या खिशात ठेवून बसत असाल तर ते काढा. माल उतरवायला उतरताच खोके उचलू नका, आधी थोडं चाला, दीर्घ काळ बसून उठलेली कमर लगेच वाकवायची नाही. संध्याकाळी अर्धा तास चालणं. तंबाखू, बिडी, गुटखा काही असेल तर सोडायचा प्रयत्न करा. धूम्रपान आणि गादीची झीज यांचा संबंध बऱ्याच अभ्यासांत दिसलाय, आणि माझ्याकडं येणाऱ्या ड्रायव्हरांत हे व्यसन सगळ्यात जास्त.

आणि हे नीट लक्षात ठेवा: लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलता येईना, तर रात्र असली तरी त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात जायचं. सकाळची वाट पाहायची नाही.

तेरणेकाठचा

पाकीट मागच्याच खिशात असतं मॅडम. तंबाखूचंही खरंय. उद्या डॉक्टरांना दाखवतो, अँटिबायोटिकचं डोक्यातून काढलं.

जालन्याची_पोर

बालाघाट सर, आमची म्हैस मागच्या वेळी सातव्या महिन्यात गाभडली होती. आता परत गाभण आहे. ब्रुसेलाची लस असते ना, तिला टोचून घेऊ का? आणि घरात दीड वर्षाची वगार पण आहे.

बालाघाट

ताई, गाभण म्हशीला ही लस अजिबात नको. एस १९ ही जिवंत जिवाणूंची लस आहे, गाभण जनावराला दिली तर तिच्यामुळंच गर्भपात होऊ शकतो. ती फक्त चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना, आयुष्यात एकदाच देतात. नर वासरांना देत नाहीत. २०१९ पासून राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती मोफत आहे. दीड वर्षाच्या वगारीचं लसीचं वय निघून गेलं. पुढच्या वेताला मादी झाली तर चौथा महिना लागताच पशुवैद्यकीय दवाखान्यात नाव द्या, आणि लस पशुवैद्यकाकडूनच टोचून घ्या. ती सुई चुकून माणसाला लागली तर माणसालाही ब्रुसेला होतो.

म्हशीचं आणि वगारीचं रक्त 'रोझ बेंगॉल' नावाच्या ब्रुसेलाच्या तपासणीला पाठवा, तालुक्याच्या दवाखान्यातून नमुना जातो. म्हैस वितेल तेव्हा हातमोजे, तोंडाला फडकं, आणि जार चुना टाकून खोल पुरायची. कुत्र्याला देऊ नका. दूध उकळी येईपर्यंत तापवल्याशिवाय घरात कुणी घेऊ नये, वगारीची काळजी घेणाऱ्या पोरांनीही नाही. आणि मागच्या वेळी जार कुणी काढली होती? त्या माणसाला ताप, घाम, कंबरदुखी असं काही आहे का, ते आधी विचारा.

जालन्याची_पोर

वडिलांनी काढली होती. पावसाळ्यापासून त्यांची कंबर धरलीय, आम्ही वयाचं समजत होतो. रात्री घाम येतो का ते आईला विचारलं. येतो म्हणाली.

बालाघाट

मग म्हशीआधी वडिलांना न्या. फिजिशियनना गाभडलेल्या म्हशीचं पहिल्याच वाक्यात सांगा, आणि ब्रुसेलाची रक्ततपासणी होईपर्यंत कुणाच्या सांगण्यावरून कुठलंही अँटिबायोटिक सुरू करू नका, नाहीतर संवर्धनात जिवाणू सापडणं अवघड होतं. टीबीची तपासणीही सोबतच होऊ द्या. रिपोर्ट आला की इथं कळवा.